‘डीओ’ झालात, पण डॉक्टर झालात का?

जिते (ता. पेण), प्रतिनिधी : नीटमध्ये गुण थोडक्यात हुकले की डॉक्टर होण्याचा दुसरा मार्ग शोधण्यासाठी घरोघरी धावपळ सुरू होते. जिते-हमरापूरसारख्या गावांतील पालकही त्याला अपवाद नाहीत. या शोधात ‘ऑस्टिओपॅथी’ आणि ‘डीओ’ हे शब्द हमखास समोर येतात. मात्र, या दोन अक्षरांचा अर्थ देशागणिक बदलतो, हे शुल्क भरण्यापूर्वी समजून घेतले पाहिजे.

नावात ‘अस्थी’ असली तरी ऑस्टिओपॅथी म्हणजे अस्थिरोगशास्त्र नव्हे. स्नायू, सांधे आणि पाठीचा कणा हाताने दाबून, ताणून व हलवून उपचार करण्याची ही पद्धती आहे. अमेरिकी डॉक्टर अँड्र्यू टेलर स्टिल यांनी ती 1874 मध्ये मांडली आणि 1892 मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे तिचे पहिले विद्यालय काढले. कंबरदुखीत या उपचारांचा काही उपयोग होत असल्याचे आढळले आहे. इतर अनेक दाव्यांना मात्र पुरेसा शास्त्रीय आधार नाही.

अमेरिकेत काळाच्या ओघात या विद्यालयांनी आधुनिक वैद्यकाचा संपूर्ण अभ्यासक्रम स्वीकारला. तेथील ‘डीओ’ हा एमडीच्या बरोबरीचा डॉक्टर असतो. तो औषधे लिहून देतो, शस्त्रक्रियाही करतो. 2020 पासून दोन्ही पदवीधरांच्या निवासी प्रशिक्षणाला एकच मान्यता व्यवस्था लागू आहे. ब्रिटनमध्ये चित्र वेगळे आहे. तेथे 1993 च्या कायद्यानुसार ऑस्टिओपॅथची नोंदणी होते. पण केवळ त्या पदवीवर तो वैद्यकीय डॉक्टर ठरत नाही.

भारतातही केवळ ऑस्टिओपॅथीच्या पदवी वा पदविकेवर डॉक्टर म्हणून नोंदणी होत नाही. ओडिशातील श्री श्री विद्यापीठाने या विषयाचे अभ्यासक्रम सुरू केले आहेत. परंतु त्यांना एमबीबीएसचा पर्याय समजणे चुकीचे ठरेल.

डॉक्टरच व्हायचे असेल, तर नीट आणि एमबीबीएस हाच सरळ मार्ग आहे. रायगडकरांसाठी अलिबागला 2021 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. पुढे अस्थिरोग किंवा भौतिक उपचार व पुनर्वसन या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेता येते. हाताने करावयाच्या उपचारांचीच ओढ असेल, तर फिजिओथेरपीची पदवी हा अधिक भक्कम पर्याय आहे. तिच्यासाठी राज्यात परिषद असून, मणके व सांधे हाताळण्याचे तंत्र अभ्यासक्रमातच शिकवले जाते.

प्रवेशापूर्वी संस्थेला तीन प्रश्न लेखी विचारावेत. पदवी कोणते विद्यापीठ देणार? नोंदणी कोणत्या परिषदेकडे होणार? त्या नोंदणीवर नेमके कोणते उपचार करता येणार? परदेशी पदवी घेऊन मायदेशी परतायचे असल्यास ती राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांत बसते का, याचीही आधीच खात्री करावी. समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत जमीन गहाण टाकण्याची वा कर्ज काढण्याची घाई करू नये.