दुखवट्याच्या घरी जाताना

आज जो विषय घेतला आहे तो कुणाला आवडणारा नाही, पण कुणाला चुकणाराही नाही. एखाद्या लग्नाला जायचं राहिलं तर पुढं कधीतरी घरी जाऊन भेटता येतं. पण गावात कुणाचा माणूस गेला, तर त्या घरी त्याच वेळी जावं लागतं. जाताना पाय जड होतात आणि मनात एकच प्रश्न घोळत असतो, तिथं जाऊन बोलायचं काय?

आज आपण खास करून अशा घराबद्दल बोलू, जिथं बाईचा नवरा गेला आहे. बहुतेक वेळा ती आपल्याच वयाची असते, आपल्याच गटातली असते. पहिल्या पंधरा दिवसांत तिच्याभोवती जे बोललं जातं, जे केलं जातं आणि जे तिच्याकडून करून घेतलं जातं, त्यावर तिची पुढची कितीतरी वर्षं अवलंबून असतात. म्हणून आपण तिथं कसं वागतो याला फार मोल आहे.

आधी बोलण्याचं बघू. आपल्याकडे भेटायला आलेली प्रत्येक बाई विचारते, "कसं गं झालं?" विचारणारीच्या मनात माया असते. पण दिवसभरात चाळीस बाया आल्या, तर त्या माउलीला तीच रात्र चाळीस वेळा सांगावी लागते. कसं झालं ते तिला विचारू नका. जावेला किंवा शेजारणीला बाजूला घेऊन विचारा. तिला आपणहून सांगायचं असेल तर मात्र मधे न बोलता ऐका. तेच ते पुन्हा सांगितलं तरी ऐका. सांगून सांगूनच मन मोकळं होतं.

काही वाक्यं आपल्या तोंडात बसलेली आहेत, ती जरा तपासून बघू. "आता तुझं कसं व्हायचं?" हा प्रश्न तिला रात्रंदिवस खातोच आहे, तो आपण आणखी कशाला विचारायचा? "वेळेवर दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं," हे ऐकून तिला जन्मभर वाटत राहतं की माझ्याचमुळं झालं. "तुझं नशीबच फुटकं," यानं दोष तिच्याच कपाळी येतो. आणि "रडू नको, घट्ट हो," असं सांगितलं की तिचं रडणं आतल्या आत कोंडतं. गळ्यात पडून रडायची आपली रीत आहे, ती चांगलीच आहे. रडू द्या.

मग बोलायचं काय? थोडंच बोलायचं. "वैनी, मी आहे इथं." "आक्का, दोन घास खाऊन घ्या, मी बसते जवळ." गेलेल्या माणसाची एखादी चांगली आठवण असेल तर ती सांगा. "आमच्या विहिरीचं काम निघालं तेव्हा भाऊजी दोन दिवस राबले होते." असं ऐकलं की आपला माणूस लोकांच्या लक्षात आहे, एवढा तरी आधार तिला मिळतो. काहीच सुचलं नाही तर हात धरून गप्प बसलं तरी चालतं.

कुणी स्वतःच्या हातानं जीव दिला असेल तर जास्तच सांभाळायला पाहिजे. अशा घरी लोक कारण शोधायला लागतात आणि बोट बायकोकडं वळतं. "घरात भांडण होतं का?" असले प्रश्न आपण विचारायचे नाहीत, आणि आपल्यासमोर कुणी विचारलं तर विषय तिथंच थांबवायचा. "मावशी, आज हे बोलायला नको," एवढं एक वाक्य पुरे होतं.

घरातली लेकरंही विसरू नका. "बाबा गावाला गेलेत," असं लहान पोरांना सांगितलं जातं, आणि ते लेकरू रोज दारात वाट बघत बसतं. "बाबा वारले, आता ते परत येणार नाहीत, पण आई आणि आम्ही सगळे तुझ्याजवळ आहोत," असं जवळ घेऊन साध्या शब्दांत सांगावं. आणि दहा-बारा वर्षांच्या पोराला "आता तूच घरचा कर्ता" म्हणू नका. त्याच्या पाठीवर दप्तर राहू द्या.

आता कामाचं बोलू. आपल्याकडे कडू घासाची पद्धत आहे. ज्या घरी माती झाली तिथं शेजारपाजारचे पिठलं-भाकरी घेऊन जातात. ही फार शहाणपणाची रीत आहे, कारण त्या घरात चूल पेटवायचं भान कुणाला नसतं. पण पहिल्या दोन दिवशी भाकरीची चळत लागते आणि आठव्या दिवशी कुणीच येत नाही. म्हणून गटातल्या बायांनी वार वाटून घ्यावेत. सोमवार हिचा, मंगळवार तिचा. आणि "काही लागलं तर सांग" असं म्हणून निघू नये. ती सांगत नाही, सांगायचं सुचतही नाही. त्यापेक्षा काम उचलायचं आणि कळवायचं: "ताई, म्हशीची धार आठ दिवस आम्ही काढतो. धाकट्याला शाळेत मी सोडते." पाणी भरणं, जनावरांची वैरण, आलेल्या माणसांचा चहा, ही सगळी कामं दुसऱ्यानं न विचारता करण्यासारखी आहेत.

याच्या पुढचा भाग जरा अवघड आहे. दहाव्याला किंवा त्याआधी त्या बाईच्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, मंगळसूत्र तोडतात, जोडवी काढतात. हे करायला पुढं होतात त्याही बायाच, तुमच्या-माझ्यासारख्या. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. राजर्षी शाहू महाराजांना जाऊन १०० वर्षं झाली, त्या २०२२ सालच्या मे महिन्यात या गावच्या ग्रामसभेनं ठराव केला की आमच्या गावात ही प्रथा बंद. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. त्यानंतर राज्यातल्या आणखी गावांनी असे ठराव केले.

ठराव झाला म्हणजे प्रथा लगेच जाते असं नाही. खरी परीक्षा त्या घरातच होते, त्या क्षणी. तिथं भांडण काढायची गरज नाही. घरातल्या थोरल्या माणसाशी आदल्या दिवशीच बोलून ठेवावं. "आत्याबाई, लेक तुमचा गेलाय, तुमच्या दुःखाला तोड नाही. पण सुनेच्या हातातल्या बांगड्या राहू द्या. कधी काढायच्या, काढायच्या का नाही, ते तिचं ती ठरवील." सासूबाईंना असं मानानं सांगितलं तर पुष्कळदा त्यांच्याही मनात तेच असतं, फक्त लोक काय म्हणतील याची धास्ती असते. लोक म्हणजे आपणच की! गटातल्या दहा जणींनी आधीच ठरवलं की आम्ही कुणाच्या बांगड्या फोडायला हात लावणार नाही, तर निम्मं काम झालं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. दुःखाच्या दिवसांत तिच्याकडून कुठल्याही कागदावर सही किंवा अंगठा घेऊ देऊ नका. काही घरांत असं होतं की दिवस उरकले की कुणीतरी म्हणतं, "वारस लावायचे आहेत, इथं सही कर." ती न वाचता करते. कागद हक्कसोडपत्राचा असतो. हक्कसोडपत्र म्हणजे या मिळकतीतला माझा हिस्सा मी सोडला, असं लिहून देणं. त्याची दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदणी झाली की ते उलटवणं फार अवघड, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे गेलेल्या माणसाची बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई, हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस असतात आणि सगळ्यांचा वाटा सारखा असतो. बायको, एक मुलगा, एक मुलगी आणि आई मागं असेल, तर त्याच्या हिश्शाचे चार सारखे भाग. मुसलमान आणि ख्रिस्ती भगिनींनाही त्यांच्या त्यांच्या कायद्यानं नवऱ्याच्या मिळकतीत वाटा आहे, फक्त त्याचं प्रमाण वेगळं. हा वाटा कुणी उपकार म्हणून देत नाही, तो तिचाच आहे. तेव्हा तिच्या जवळच्या मैत्रिणीनं एवढंच तिच्या कानावर घालावं, "बाई गं, कुठलाही कागद आला तर म्हण, वाचून दाखवा, मी माहेरी विचारून सांगते." माहेरचं कुणी नसेल तर गटाचं नाव सांगावं.

सही करायची घाई नको, पण काही कामांना मुदत असते, ती मात्र चुकवायची नाही. ती दुःखात आहे तोवर ही कामं कुणीतरी तिच्या वतीनं बघायला पाहिजेत. ती आता एकेक सांगते, गटाच्या वहीत उतरवून ठेवा.

पहिलं काम मृत्यूच्या नोंदीचं. घरी माणूस गेला असेल तर २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करायची. दवाखान्यात गेला असेल तर नोंद दवाखान्यामार्फत होते, ती झाली का ते विचारून घ्यायचं. उशीर झाला की दंड आणि परवानग्यांचे हेलपाटे मागं लागतात. मृत्यूचे दाखले चार-पाच काढून ठेवा, प्रत्येक कचेरीत एक लागतो.

दुसरं काम सातबाऱ्यावरच्या वारस नोंदीचं. तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडं, म्हणजे ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडं, अर्ज द्यायचा. अर्जात तिचं आणि सगळ्या मुलांचं, मुलींचंही, नाव आहे का ते डोळ्यांनी बघायचं. अर्ज दिल्याची पोच घ्यायची.

तिसरं काम पासबुकाचं. नवऱ्याचं बँकेचं पासबुक भरून आणा आणि मे-जूनच्या नोंदी बघा. ४३६ रुपये कापले असतील तर तो जीवनज्योती विमा, त्यात कशानंही मृत्यू झाला तरी २ लाख मिळतात. २० रुपये कापले असतील तर तो सुरक्षा विमा, त्यात अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. किती घरांना माहीतच नसतं की असा विमा आहे. बँकेत जाऊन लवकरात लवकर दाव्याचा अर्ज द्यायचा.

चौथं, मृत्यू अपघाती असेल तर. साप चावला, वीज पडली, विहिरीत बुडाला, विजेचा धक्का बसला, रस्त्यावर गेला, अशा वेळी पोलिसांत खबर द्यायची आणि शवविच्छेदन होऊ द्यायचं. "कशाला देहाची चिरफाड," म्हणून लोक टाळतात आणि पुढं कागदच नाही म्हणून मदत अडते. शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाखांची मदत मिळते. त्याचा अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं द्यायचा असतो. तेरावा झाला की हातात जेमतेम पंधरा दिवस उरतात, हे ध्यानात ठेवा.

पाचवं, गरीब घरासाठी. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २० हजार रुपये मिळतात. विधवेला दरमहा मदत देणारी संजय गांधी निराधार योजनाही आहे. दोन्हींची चौकशी तहसील कचेरीत करायची.

आता आपल्या गटाचं. ती गटाची कर्जदार असेल तर मातीच्या दिवशी, दहाव्याला, हप्त्याचा विषय काढायचा नाही. पण विषय अधांतरीही सोडू नये, तिला त्याचीही धास्ती असते. बैठकीत ठराव करून दोन-तीन महिन्यांची सवलत द्यावी आणि अध्यक्षांनी स्वतः जाऊन सांगावं, "हप्त्याची काळजी करू नको, गटानं ठरवलंय." बँकेचं कर्ज असेल तर त्या कर्जाला विमा होता का, हे गटानंच बँकेत विचारावं.

आणि शेवटचं. तेराव्यानंतर पाव्हणे गेले की घर खायला उठतं. खरी भेट तेव्हा लागते. पंधराव्या दिवशी जा, महिन्यानं जा, पहिल्या सणाला जा. गटाच्या बैठकीला तिला बोलवायला स्वतः जा आणि सोबत घेऊन या. कार्यक्रमात ओवाळायला, दिवा लावायला तिचाही हात असू द्या. संक्रांतीला तिच्या दारावरून पुढं जाऊ नका, तिळगूळ तिलाही द्या, वाण तिलाही द्या. ती नको म्हणाली तर तो तिचा निर्णय, पण आपण वगळलं असं होऊ नये.

येत्या बैठकीत हा विषय घ्या. आपल्या गटात दुःखाच्या घरी कोण भाकरी बघील, कोण कचेरीचे कागद बघील आणि कोण तिच्याजवळ बसेल, ते आजच ठरवून वहीत लिहून ठेवा. घराघरात सगळे सुखरूप असताना ठरवलेलं वेळेला कामाला येतं.