छातीचा भाता आणि पाण्याची बाटली

मंचरच्या पंचक्रोशींत चैत्र-वैशाखांत गांवोगांवच्या यात्रा भरतात आणि बैलगाड्यांच्या घाटावर माणसांची एकच दाटी होते. मध्यंतरीं, २०१४ सालीं, सर्वोच्च न्यायालयानें या शर्यतींना मनाई केली होती. पुढें राज्यानें कायद्यांत दुरुस्ती केली आणि मे २०२३ मध्यें त्याच न्यायालयानें ती दुरुस्ती ग्राह्य धरली. असो. अशा घाटावर उधळलेल्या बैलानें कडेला उभ्या असलेल्या एखाद्या तरुणास छातीवर धडक दिली, असें समजा. तरुण उठतो, धूळ झटकतो, ‘कांहीं लागलें नाहीं’ म्हणून हंसतोही. रक्ताचा थेंब कोठें दिसत नाहीं. परंतु अर्ध्या तासानें त्याचा श्वास आंखूड होऊं लागतो, कपाळावर घाम येतो, ओंठ निळसर दिसूं लागतात. जवळचीं माणसें घाबरून एखाद्या उपरण्यानें त्याची छाती करकचून आंवळतात आणि वर तांब्याभर पाणी पाजतात. हेतु चांगला, कृति वाईट. ती वाईट कां, हें कळण्यास छातीच्या आंत काय चालतें तें थोडें पाहिलें पाहिजे.

छातीची रचना लोहाराच्या भात्यासारखी आहे. बरगड्या व त्यांमधील स्नायू ही भात्याची भिंत. छाती व पोट यांना विभागणारें श्वासपटल हा त्याचा तळ. भिंत बाहेर सरते, तळ खालीं जातो, पोकळी मोठी होते आणि हवा आंत येते. नवल असें कीं, ज्या फुफ्फुसांत ही हवा जाते, त्या फुफ्फुसाला स्वतःस फुगविणारा एकही स्नायू नाहीं. उलट तें रबराप्रमाणें सदैव आकसूंच पाहतें. मग तें छातीच्या भिंतीबरोबर फुगतें कसें? फुफ्फुसाच्या अंगावर एक पातळ आवरण असतें, भिंतीस आंतून दुसरें असतें, आणि दोहोंमध्यें ओलाव्याचा अगदीं बारीक थर असतो. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेविल्या तर त्या सरकतात, पण सुटतां सुटत नाहींत. तसाच हा प्रकार. या दोन आवरणांमधील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षां नेहमीं किंचित् कमी असतो, आणि त्या कमीपणावरच मनुष्याचा श्वास उभा आहे.

आतां मोडलेल्या बरगडीचें टोंक फुफ्फुसांत रुतलें म्हणजे आंतील हवा या दोन आवरणांच्या मधें शिरते. काचा सुटतात. फुफ्फुस आकसून एका बाजूस गोळा होऊन बसतें. कित्येकदां ती जखम सायकलच्या व्हॉल्व्हप्रमाणें वागते: श्वासागणिक हवा पोकळींत येते, परत मात्र जात नाहीं. मग तो कोंडलेला दाब हृदयालाच पलीकडे ढकलतो, मानेच्या शिरा टरारून फुगतात, नाडी बारीक होते आणि कांहीं मिनिटांत प्राण जाऊं शकतो. अशा वेळीं जाणता डॉक्टर क्ष-किरणांच्या चित्राची वाट पाहात नाहीं. छातींत जाड सुई खुपसून प्रथम ती हवा सोडून देतो. कधीं हवेऐवजीं रक्त सांठतें, कधीं दोन्हीही. आणि ओळीनें तीन किंवा अधिक बरगड्या दोन-दोन ठिकाणीं मोडल्या तर भिंतीचा तेवढा तुकडा सुटा होतो; छाती फुगते तेव्हां तो आंत जातो आणि ती बसते तेव्हां तो बाहेर येतो. भात्याचें कातडें फाटलें काय किंवा त्याची फळी मोडली काय, आग फुलत नाहीं ती नाहींच.

पोट, हात, पाय यांवर शस्त्र चालवून प्राण वांचविण्याची विद्या एकोणिसाव्या शतकांत झपाट्यानें पुढें गेली. छातीचें दार मात्र बंदच राहिलें, त्याचें कारण हेंच. छाती उघडतांच फुफ्फुस मिटे. ब्रेस्लाउ येथें फर्डिनांड साउअरब्रुख या तरुण शस्त्रवैद्यानें १९०४ सालीं यावर एक विलक्षण तोड काढली. त्यानें एक हवाबंद खोली बांधली. रोग्याचें धड आणि शस्त्रवैद्य हे दोघे तिच्या आंत, रोग्याचें डोकें तेवढें बाहेर. आणि आंतील हवेचा दाब यंत्रानें थोडा कमी केलेला. छाती उघडली तरी फुफ्फुस मिटेना. युक्ति खरी होती, परंतु खोली अवजड होती, आणि थोड्याच वर्षांत तिची गरज उरली नाहीं. खोलींतील दाब कमी करण्यापेक्षां रोग्याच्या श्वासनलिकेंत नळी घालून आंतूनच फुफ्फुस फुगतें ठेवणें अधिक सोपें ठरलें. आज भूल देणारा डॉक्टर करतो तें हेंच.

तरीही या विद्येंतील सर्वांत उपयोगी साधन ती खोली नव्हे आणि शस्त्रक्रियागृहांतील लखलखीत यंत्रेंही नव्हेत. तें साधन म्हणजे एक नळी आणि पाणी घातलेली एक बाटली. हँबुर्गच्या गोटहार्ड ब्यूलाउ या डॉक्टरानें १८७५ च्या सुमारास छातींतील पू काढण्यासाठीं ही रीत योजिली आणि १८९१ सालीं ती प्रसिद्ध केली. कांखेच्या खालीं, चौथ्या-पांचव्या बरगडीच्या सुमारास, ती जागा बधिर करून लहानसा छेद घेतात आणि नळी आंत सरकवितात. ती नेहमीं खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून घालावयाची. कारण प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला रक्तवाहिन्या व मज्जातंतु लपलेले असतात. नळीचें दुसरें टोंक बाटलींतील पाण्याखालीं सुमारें दोन सेंटिमीटर बुडालेलें असतें. छातींतील हवा बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर पडते, पण बाहेरची हवा पाणी ओलांडून आंत जाऊं शकत नाहीं. एवढेंच. ज्याला शाळेंतील पदार्थविज्ञान थोडें आठवतें त्यास यांत गूढ असें कांहीं वाटणार नाहीं. आणि तरी या दोन सेंटिमीटर पाण्यानें वांचविलेल्या माणसांची गणती करणें कठीण आहे.

शस्त्रवैद्यांचा अनुभव असा कीं, मुका मार लागून झालेल्या छातीच्या दुखापतींपैकीं शेंकडा दहांपेक्षांही कमी रोग्यांची छाती उघडावी लागते. बाकीच्यांचें काम ही नळी, वेदना शमविणारें औषध, प्राणवायु आणि श्वासाचा व्यायाम यांवरच भागतें. नळी घालतांच दीड लिटर रक्त आलें, किंवा त्यानंतरही दर तासास दोनशें मिलिलिटरप्रमाणें तें येतच राहिलें, तर मात्र छाती उघडून वाहती जागा शिवण्यावांचून गत्यंतर नसतें. म्हणजे बाटली ही नुसती वाट नव्हे, ती मोजमापही आहे.

तें उघडण्याचें काम मोठ्या शहरांतच व्हावयाचें. मंचरास उपजिल्हा रुग्णालय आहे. परंतु छातीचे खास शस्त्रवैद्य पुण्यास, आणि पुणें तेथून सुमारें ६० किलोमीटर. राजगुरुनगर ओलांडून चाकणच्या गर्दींत शिरल्यावर घड्याळाचा कांटा कसा पळतो, हें नाशिक रस्त्यानें जाणारास सांगावयास नको. म्हणून नळी घालणें जरूर असेल तर ती निघण्यापूर्वींच घातलेली बरी, आणि ती शिकलेल्या कोणत्याही शस्त्रवैद्यास घालतां येते. धोका पुढें, गाडींत असतो. सोबतचे नातेवाईक भाबडेपणानें बाटली उचलून रोग्याच्या छातीवर किंवा उशाशीं ठेवितात. तसें केलें तर बाटलींतलें पाणी उलट छातींत उतरतें. बाटली नेहमीं छातीच्या खालीं, पायांशीं असावी. नळींतून बुडबुडे येत असतां ती चिमट्यानें बंद करणें म्हणजे सुटलेली वाफ पुन्हां कोंडणें होय. नळींतलें पाणी श्वासाबरोबर वरखालीं हालतें, तें पाहून भिण्याचें कारण नाहीं. तें हालतें तोंवर वाट मोकळी आहे असें समजावें. आणि वाटेंत बाटली फुटलीच, तर नळीचें टोंक हाताशीं असेल त्या स्वच्छ भांड्यांतील पाण्यांत बुडवावें.

घाटावरच्या त्या तरुणाकडे पुन्हां वळूं. त्याची छाती बांधावयाची नाहीं, कारण बांधल्यानें आधींच अपुरा झालेला भाता अधिकच आंखडतो. पूर्वीं रुग्णालयांतूनही मोडक्या बरगड्यांवर चिकटपट्ट्या लावून छाती आवळीत असत. ती पद्धत आतां टाकून दिलेली आहे, कारण आवळलेल्या छातींत कफ सांचतो आणि न्यूमोनिया होतो. तोंडानें कांहीं देऊं नये, कारण पुढें भूल द्यावी लागेल. मानेस किंवा पाठीस मार नसेल तर त्यास जमेल तसें टेंकून बसूं द्यावें आणि १०८ क्रमांकास दूरध्वनि करावा. शिंग किंवा लोखंडी गज शिरून छातीस भोंक पडलें असेल आणि त्यांतून हवा फसफसत असेल, तर स्वच्छ प्लॅस्टिकचा तुकडा तीन बाजूंनीं चिकटवावा व चौथी मोकळी ठेवावी. हें साधत नसेल तर जखम उघडी राहिलेली पत्करली, पण चारी बाजूंनीं बंद करूं नये. गज आंतच असेल तर तो उपसूं नये. कित्येकदां त्यानेंच रक्त थोपविलेलें असतें.

रोगांच्या बाबतींतही पुष्कळ वेळां गांठ त्याच पोकळीशीं पडते. न्यूमोनियानंतर तींत पू होतो. १९१८ सालीं, आपल्याकडे मानमोडीच्या तापानें घरेंच्या घरें बसलीं त्याच वर्षीं, अमेरिकेच्या लष्करी छावण्यांतून असे रोगी शेंकड्यांनीं दिसूं लागले. पू दिसतांच छाती उघडी करण्याचा तेव्हां प्रघात होता आणि त्यांत माणसें दगावत. एव्हार्ट्स ग्रॅहम व त्याच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें कीं, फुफ्फुस भिंतीस चिकटण्यापूर्वीं छाती उघडणें हाच घात आहे. आधीं पू हवाबंद रीतीनें काढावा. मृत्युसंख्या एकदम उतरली. याच ग्रॅहमनें १९३३ सालीं कर्करोगानें ग्रासलेलें एक संबंध फुफ्फुस एकाच बैठकींत काढलें. तो रोगी स्वतः डॉक्टर होता आणि पुढें तो ग्रॅहमच्याही मागें जगला. ग्रॅहम धूम्रपानाचा भोक्ता होता, आणि १९५७ सालीं तो फुफ्फुसाच्या कर्करोगानेंच वारला.

क्षयाची कथा वेगळी आहे. डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ सालीं पुण्यास क्षयानें गेल्या, तेव्हां जगांतील कोणत्याही शस्त्रवैद्याच्या हातीं त्यांच्यासाठीं उपाय नव्हता. इटलींत फोर्लानीनी यानें मात्र रोगट फुफ्फुसास विश्रांति मिळावी म्हणून मुद्दाम त्याभोंवतीं हवा भरण्याची कल्पना १८८२ सालींच मांडली होती. जी हवा घाटावरच्या तरुणाचा काळ ठरूं पाहते, तीच येथें मोजून भरावयाची! तेवढ्यानें न भागल्यास एका बाजूच्या सात-आठ बरगड्या काढून छातीची भिंतच आंत बसवीत. माणूस जगे, पण खांदा कायमचा वांकडा होई. १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसीन सांपडलें, पाठोपाठ इतर औषधें आलीं, आणि या शस्त्रक्रिया जवळजवळ मावळल्या. आतां औषधांस दाद न देणारा क्षय फुफ्फुसाच्या एकाच भागांत राहिला असेल, किंवा जुन्या विवरांतून रक्त पडत असेल, तरच शस्त्राचा विचार होतो.

जुन्नर-आंबेगांवच्या माळावर मेंढ्यांचे वाडे उतरतात, म्हणून आणखी एक व्याधि सांगितली पाहिजे. कुत्र्याच्या आंतड्यांतील एका बारीक कृमीचीं अंडीं त्याच्या विष्ठेंतून गवतावर, भाजीवर, हातांवर येतात. मेंढीच्या पोटांत आणि कधीं माणसाच्याही पोटांत तीं गेलीं कीं यकृतांत किंवा फुफ्फुसांत पाण्याची गांठ होते. ती वर्षानुवर्षें निमूटपणें वाढते आणि एखादे दिवशीं फुटून खोकल्यावाटें खारट पाणी येतें. फुफ्फुसांतील मोठी गांठ शस्त्रक्रियेनेंच, न सांडतां काढावी लागते. कापलेल्या मेंढीचीं गांठाळलेलीं आंतील मांसें कुत्र्यांपुढें टाकावयाचीं नाहींत, तीं पुरावयाचीं, एवढें केलें तरी हें चक्र तुटतें.

नळी सहसा कांहीं दिवसच ठेवितात. खोकल्यावरही बुडबुडे येईनासे झाले, चोवीस तासांतील स्राव उतरला आणि क्ष-किरणांच्या चित्रांत फुफ्फुस भिंतीस लागलेलें दिसलें, म्हणजे ती काढण्याची वेळ आली. डॉक्टर रोग्यास श्वास कोंडून धरावयास सांगतो, एका झटक्यांत नळी ओढून घेतो आणि आधींच घालून ठेविलेल्या टांक्याची गांठ मारतो. दुसरें चित्र काढून फुफ्फुस पुन्हां मिटलें नाहीं याची खात्री करून घेतात. बरगड्या पुढें सुमारें सहा आठवड्यांत सांधल्या जातात. तोंवर कांद्या-बटाट्याचीं पोतीं उचलावयाचीं नाहींत, आणि खोकतांना दुखऱ्या बाजूस उशी दाबून धरावयाची.