वडिलोपार्जित जमिनीची विक्री व आयकर

वडिलोपार्जित जमिनीस आपला पैसा पडला नाहीं, सबब विक्रीची सारी रक्कम नफाच, असा समज आमच्या साक्री तालुक्यांतील पुष्कळ शेतकरी बंधूंचा आहे. तो नुकसानीचा आहे.

प्रथम जमीन कोठें आहे तें पाहावें. खेड्यांतील शेतजमिनीच्या विक्रीवर हा कर नाहीं. मात्र दहा हजारांवर वस्तीच्या नगराच्या हद्दीपासून सरळ रेषेंत २ किलोमीटरपर्यंतची, व धुळ्यासारख्या लाखावर वस्तीच्या शहरापासून ६ किलोमीटरपर्यंतची जमीन करास पात्र ठरते.

अशा वेळीं, पूर्वजांनीं १ एप्रिल २००१ पूर्वीं घेतलेल्या जमिनीची त्या दिवशींची वाजवी किंमत मूळ खर्च म्हणून धरतां येते. ती त्या दिवशींच्या मुद्रांक मूल्याहून अधिक नसावी. समजा, ती ४ लाख असून २०२५-२६ सालीं जमीन २० लाखांस विकली. १६ लाख नफ्यावर १२.५ टक्क्यांनीं कर २ लाख होतो. तोच खर्च महागाईच्या निर्देशांकानें वाढविल्यास १५.०४ लाख भरतो, व उरल्या ४.९६ लाखांवर २० टक्क्यांनीं ९९,२०० रुपयेच होतात. दोहोंपैकीं कमी तोच देणें येतो, उपकर निराळा.

म्हणून बयाणा घेण्यापूर्वींच २००१ सालचें मूल्य दाखविणारा कागद मिळवून दप्तरीं ठेवावा, अशी आमची सूचना आहे.