फ्लूची लस आणि हृदयविकार : गैरसमज व वस्तुस्थिती

फ्लू म्हणजे इन्फ्लुएंझा विषाणूचा संसर्ग. तो नाक-घशापुरता राहतो आणि दोन दिवस काढा घेतला की उतरतो, हा त्याच्याबद्दलचा सर्वांत घातक समज. ताप चढला की हृदयाचे ठोके वाढतात, त्याला प्राणवायू जास्त लागतो. न्यूमोनिया झाला तर नेमका तोच अपुरा पडतो. विषाणूशी लढताना शरीरभर दाह उठतो आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. हृदयाच्या धमनीत आधीच चरबीचा थर साचला असेल, तर या दाहाने तो फुटून तिथे गुठळी होऊ शकते. कॅनडातील ओंटारियो प्रांतातला एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फ्लूच्या निदानानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण त्याच रुग्णांच्या एरवीच्या काळापेक्षा सहापट आढळले.

लस फ्लूसाठी असते, तिचा हृदयाशी काय संबंध, असे विचारले जाते. बहुतांशी नुकताच झटका येऊन गेलेल्या 2,571 रुग्णांवर बांगलादेशसह आठ देशांत एक चाचणी झाली. काहींना रुग्णालयातच फ्लूची लस दिली, बाकीच्यांना औषध नसलेले इंजेक्शन. वर्षभरात मृत्यू, पुन्हा झटका किंवा स्टेंटमध्ये गुठळी होण्याचे प्रमाण लस घेतलेल्यांत 5.3 टक्के, तर न घेतलेल्यांत 7.2 टक्के होते. भारतासह दहा देशांत हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीचा निकाल मात्र इतका स्पष्ट नव्हता : न्यूमोनिया बराच कमी झाला, पण मुख्य निकषावर ठोस फरक दिसला नाही. म्हणजे लस रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची जागा घेत नाही. ती त्यांच्या जोडीला घ्यायची.

लस कधी घ्यावी, याबाबतचा गोंधळ मुंबईत मोठा आहे. चेंबूरकरांना छातीच्या दुखण्यांचा काळ म्हणून हिवाळा आठवतो. माहुल-तुर्भ्याच्या रिफायनऱ्या, खतकारखाना आणि वाहनांचा धूर तेव्हा खाली साचून राहतो, आणि अशी हवा हृदयालाही अपायकारक असते, हे खरेच. पावसाने हवा धुतली जाते, श्वास मोकळा होतो; फ्लू मात्र त्याच दिवसांत, जुलै ते सप्टेंबरमध्ये, जोरात असतो. हिवाळ्याच्या शेवटी त्याची दुसरी, बहुधा लहान लाट येते. युरोप-अमेरिकेतला ऑक्टोबरचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू केला तर पावसाळा लशीविना जातो. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे मुंबईत मे महिना किंवा जूनची सुरुवात ही योग्य वेळ. ती हुकली तर उशिरा घेतलेली लसही न घेण्यापेक्षा बरी.

एकदा घेतली की झाले, हेही खरे नाही. विषाणू रूप बदलत राहतो, मिळालेले संरक्षण काही महिन्यांत ओसरते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना लशीतले घटक वर्षातून दोनदा, उत्तर आणि दक्षिण गोलार्धासाठी वेगवेगळे, ठरवते. लस दरवर्षी घ्यावी लागते.

‘लशीनेच फ्लू होतो’ ही तक्रार नेहमीची. दंडात टोचल्या जाणाऱ्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिने फ्लू होणे शक्यच नाही. दंड दुखणे, कणकण, एखाद-दोन दिवस थकवा एवढे होऊ शकते. नाकात फवारायच्या लशीत दुर्बल केलेला जिवंत विषाणू असतो; हृदयरुग्णांनी इंजेक्शनच घ्यावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या तरी लस घेता येते. बारीक सुई वापरून ती जागा काही मिनिटे दाबून धरली की पुरते. गोळ्या मनाने बंद करणे अधिक धोक्याचे. आधीच्या मात्रेने तीव्र ॲलर्जी झालेल्यांनी मात्र ती घेऊ नये. सध्या ताप असेल तर तो उतरू द्यावा.

राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात फ्लूची लस नाही, त्यामुळे बहुतेकांना ती खासगी दवाखान्यात स्वखर्चाने घ्यावी लागते. घरात झटका येऊन गेलेले, स्टेंट किंवा बायपास झालेले, मधुमेह असलेले वा साठी ओलांडलेले कोणी असेल, तर मे महिन्यातल्या तपासणीच्या वेळीच डॉक्टरांना या लशीबद्दल विचारा.