चोवीस तासांचे 'स्टेटस' : ठेवणे, आवरणे व काढून टाकणे

खेड्यातील शाळेला गावाशी बोलण्याची साधने पूर्वी दोनच होती : एक फळा व दुसरी दवंडी. फळ्यावरील मजकूर फडक्याने पुसला की नाहीसा होई, आणि दवंडीचा शब्द ऐकणाऱ्याच्या स्मरणात राहील तेवढाच राही. आज शिक्षकाच्या हाती मोबाईल असून व्हॉट्सअॅपवरील 'स्टेटस' हे गावाशी बोलण्याचे तिसरे साधन झाले आहे. तान्ह्या पोळ्याची मिरवणूक, शालेय पोषण आहाराची पंगत, शाळा व्यवस्थापन समितीची सभा, यांची छायाचित्रे त्यावर झळकतात व दुसऱ्या दिवशी दिसेनाशी होतात. यावरून स्टेटस म्हणजे नव्या तऱ्हेचा फळाच होय, असा समज रूढ झालेला आढळतो. तो अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा भाग प्रत्येक शिक्षकाने नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

स्टेटसचे स्वरूप

थोड्या काळापुरता मजकूर ठेवण्याची ही पद्धत स्नॅपचॅट या माध्यमाने २०१३ साली 'स्टोरी' या नावाने रूढ केली. इन्स्टाग्रामने ती २०१६ साली व व्हॉट्सअॅपने फेब्रुवारी २०१७ मध्ये उचलली. ठेवलेले छायाचित्र, चित्रफीत वा लेखी मजकूर २४ तासांनी आपोआप दिसेनासा होतो. मात्र ही २४ तासांची मर्यादा केवळ ते प्रदर्शन किती वेळ चालावे याची आहे. पाहणाऱ्याने त्याचे काय करावे, याचे बंधन त्या मर्यादेत नाही. पुढील सर्व विवेचनाचा पाया हाच आहे.

पाहणारा कोण, हे आधी ठरवावे

व्हॉट्सअॅपवरील स्टेटस दिसण्यासाठी दोघांच्याही मोबाईलमध्ये एकमेकांचा क्रमांक जतन केलेला असावा लागतो. शिक्षकाच्या बाबतीत ही अट सहज पुरी होते. पालक, सरपंच, केंद्रप्रमुख, पोषण आहाराचा पुरवठादार, सासरची व माहेरची मंडळी, या सर्वांचे क्रमांक त्याच्यापाशी असतात व त्याचा क्रमांक त्यांच्यापाशी. म्हणून घरच्यांसाठी ठेवलेला विनोद पालकही वाचतात.

यावर उपाय 'स्टेटस गोपनीयता' या मांडणीत आहे. तेथे तीन पर्याय असतात : सर्व संपर्कांना दाखवावे, काहींना वगळून इतरांना दाखवावे, अथवा निवडक व्यक्तींनाच दाखवावे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा बदल त्यानंतर ठेवल्या जाणाऱ्या स्टेटसला लागू होतो. आधी ठेवलेल्यास होत नाही. दार लावावयाचे तर पाहुणा आत येण्यापूर्वीच लावले पाहिजे.

स्टेटस कोणी पाहिले याची यादी ठेवणाऱ्यास दिसते; पण ज्यांनी वाचल्याची खूण बंद ठेवली आहे, त्यांची नावे त्या यादीत येत नाहीत. सबब, नाव दिसत नाही म्हणून त्याने पाहिले नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

काढून टाकण्याची रीत

मुदतीपूर्वी स्टेटस काढावयाचे झाल्यास आपले स्टेटस उघडावे, त्यापुढील तीन टिंबांवर बोट ठेवावे व 'हटवा' किंवा 'डिलीट' हा पर्याय निवडावा. एकापाठोपाठ अनेक छायाचित्रे ठेवली असतील तर प्रत्येक तपासावे. एक काढल्याने बाकीची जात नाहीत.

गटात पाठविलेल्या संदेशाची गोष्ट निराळी आहे. तेथे 'माझ्यासाठी हटवा' व 'सर्वांसाठी हटवा' असे दोन पर्याय असतात. पहिल्याने संदेश केवळ पाठविणाऱ्याच्या मोबाईलमधून जातो व इतरांकडे तसाच राहतो. घाईत पुष्कळांकडून हाच पर्याय दाबला जातो आणि काम झाले असे वाटते. 'सर्वांसाठी' हा पर्याय सुमारे अडीच दिवसपर्यंतच उपलब्ध असतो. शाळेच्या गटाचा चालक, ज्यास अॅडमिन म्हणतात, इतर सभासदांचा अनुचित संदेशही सर्वांसाठी काढू शकतो. मुख्याध्यापक अॅडमिन असल्यास ही सोय त्यांना ठाऊक असलीच पाहिजे.

इन्स्टाग्रामवरील स्टोरी २४ तासांनी इतरांना दिसेनाशी झाली तरी, ती सोय बंद केलेली नसल्यास, ठेवणाऱ्याच्या खासगी संग्रहात जमा होते. 'हायलाइट' म्हणून वर लावलेली स्टोरी तर काढून टाकेपर्यंत दिसतच राहते.

काय पुसले जात नाही

स्टेटस काढल्यानंतरही चार ठिकाणी त्याचा अंश राहू शकतो. पहिले ठिकाण ठेवणाऱ्याचा स्वतःचा मोबाईल; मूळ छायाचित्र तेथील संग्रहात असतेच. दुसरे, पाहणाऱ्याने घेतलेले पडद्याचे छायाचित्र, म्हणजे स्क्रीनशॉट. सामान्य स्टेटसचा स्क्रीनशॉट घेतल्याची वर्दी ठेवणाऱ्यास मिळत नाही. तिसरे, इतरांची स्टेटस उतरवून ठेवणारी स्वतंत्र अॅप. चौथे, ज्याच्या मोबाईलमध्ये स्टेटस आधीच उतरले आहे पण तो मोबाईल सध्या इंटरनेटशी जोडलेला नाही, असा पाहणारा. मेळघाटात धारणी व चिखलदरा तालुक्यांतील शिक्षकांना याचा अर्थ विशेष सांगावयास नको. शाळा एका टेकडीआड आणि मोबाईलला रेंज दुसऱ्या टेकडीवर, अशी जेथे स्थिती असते, तेथे काढून टाकल्याची आज्ञाही उशिरानेच पोहोचणार.

स्वतःची पाटी पुसता येते. दुसऱ्याने वहीत उतरवून घेतलेले पुसता येत नाही.

वऱ्हाडाचा व महाराष्ट्राचा अनुभव

ही केवळ तांत्रिक बाब नव्हे. १३ मे २०२३ रोजी अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरील मजकुरावरून हिंसाचार उसळला व त्यात एका व्यक्तीचा मृत्यू झाला. त्यानंतर महिनाही लोटला नाही तोच कोल्हापुरात काही तरुणांनी ठेवलेल्या स्टेटसवरून तणाव निर्माण झाला. ७ जून २०२३ रोजी तेथे दगडफेक व लाठीमार झाला आणि इंटरनेट सेवा काही काळ बंद करावी लागली. अमरावती शहरात २१ जून २०२२ रोजी एका औषधविक्रेत्याची हत्या झाली. त्याने व्हॉट्सअॅपवर पाठविलेल्या मजकुराशी तिचा संबंध असल्याचे राष्ट्रीय तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. मजकूर कोणताही असो, हिंसा हा अपराधच होय. तथापि, एका दिवसाच्या मजकुराचा परिणाम एका दिवसात संपत नाही, हे या घटनांवरून स्पष्ट होते.

विद्यार्थ्यांची छायाचित्रे

शिक्षकाच्या स्टेटसमध्ये सर्वांत नाजूक विषय मुलांचा. फाटका गणवेश घातलेल्या मुलास नवा गणवेश देतानाचे छायाचित्र सद्भावनेने ठेवले जाते. पण तेच छायाचित्र त्या मुलाच्या दारिद्र्याची दवंडीही ठरते. न वाचता येणाऱ्या मुलीची चित्रफीत, शिक्षा झालेल्या मुलाचा रडवेला चेहरा, या गोष्टी शिक्षक दुसऱ्या दिवशी विसरतो, परंतु ते मूल विसरत नाही व त्याचे सवंगडीही विसरू देत नाहीत. अत्याचार झालेल्या, संरक्षणाची गरज असलेल्या किंवा कायद्याच्या कक्षेत आलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास तर बाल न्याय अधिनियम २०१५ व लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम २०१२ यांनी मनाई केली आहे. तेथे 'एकच तास ठेवले होते' ही सबब चालणार नाही.

म्हणून समारंभाचे छायाचित्र ठेवताना पालकांची संमती घ्यावी, शक्यतो समूहाचे छायाचित्र निवडावे, मुलाचे नाव व पत्ता देऊ नये, आणि ज्यात मुलास कमीपणा येईल असे काहीही ठेवू नये. राज्य शासनाने जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या असून त्यांत वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगळी ठेवण्यास सांगितले आहे, हेही स्मरणात असावे.

चूक झाल्यास काय करावे

अनुचित स्टेटस ठेवले गेल्याचे ध्यानात येताच ते प्रथम काढावे. मुदत संपण्याची वाट पाहू नये. ज्याला त्यामुळे बाधा पोहोचली असेल त्यास प्रत्यक्ष भेटून सांगावे, आणि ज्यांनी प्रत उतरविली असेल त्यांना ती काढून टाकण्याची विनंती करावी. गुपचूप काढलेल्या मजकुराची चर्चा गावात वाढते. मोकळेपणाने दिलेल्या खुलाशाने ती शमते.

दुसऱ्या कोणाचे स्टेटस चिथावणीखोर वा धमकीचे असेल तर मात्र क्रम उलटा होतो. ते २४ तासांत नाहीसे होणार असल्याने प्रथम त्याची प्रत वेळेसह जपून ठेवावी व पोलिसांना दाखवावी. तातडीच्या प्रसंगी ११२ या क्रमांकावर कळवावे. ती प्रत 'पाहा काय चालले आहे' म्हणून दुसऱ्या गटात धाडणे म्हणजे विझविण्यासाठी निघालेल्याने निखारा दुसऱ्या गंजीवर टाकण्यासारखे आहे.

वर्गात घ्यावयाचा पाठ

व्हॉट्सअॅप व इन्स्टाग्राम यांच्या नियमाप्रमाणे तेरा वर्षांखालील मुलांना खाते उघडता येत नाही. तरीही वडिलांचा मोबाईल मुलांच्या हाती असतोच. चौथी-पाचवीच्या वर्गात पुढील प्रयोग सहज करता येईल. एका विद्यार्थ्याने पाटीवर एक ओळ लिहून वर्गास दाखवावी व दहा अंक मोजून पुसावी. मग सर्वांनी वाचलेली ओळ वहीत लिहावी. पाटी कोरी असेल, आणि तीस वह्यांत ती ओळ असेल; दोन-चार वह्यांत ती चुकीचीही उतरलेली असेल. त्यानंतर एकच प्रश्न विचारावा : आता ही ओळ परत कशी घ्यावयाची? मुले थोडा वेळ विचार करतील व उत्तर त्यांचे तेच देतील, की ती लिहिण्यापूर्वीच विचार करावयास हवा होता. हे उत्तर मुले घरी नेतील व ज्यांच्या हाती मोबाईल आहे त्या वडीलधाऱ्यांनाही सांगतील.