नांगर का सुटतो?

शेतातल्या आणि बोटीवरच्या अशा दोन्ही अवजारांना मराठीत एकच शब्द आहे, नांगर. हा पाठ समजायला तेवढा धागा पुरतो. बैल नांगर आडवा ओढतात म्हणून फाळ जमिनीत शिरतो. मागून वर उचलला की तो बाहेर येतो. बोटीचेही तसेच. तिला धरून ठेवते ती प्रामुख्याने तळात रुतलेल्या फाळाची पकड, नुसते वजन नव्हे. (जयनगरच्या आमच्या वर्गात बहुतेकांचे उत्तर ‘वजन’ असेच येते.)

ओढ आडवी राहावी म्हणून साखळी खोलीच्या साधारण पाच ते सातपट सोडतात. खोलीत बोटीच्या पुढच्या टोकाची पाण्यापासूनची उंचीही धरा. समजा, ओहोटीला पाणी 6 मीटर, टोक 1 मीटर वर आणि साखळी 35 मीटर. गुणोत्तर 5. साखळी पूर्ण ताणली, तर तळाशी कोनाचे साइन 7/35, म्हणजे कोन सुमारे 11.5 अंश. आता भरतीने 4 मीटर पाणी चढले. मुंबईच्या किनाऱ्यावर हे नेहमीचेच. उंची 11 मीटर, गुणोत्तर 3.2, कोन 18 अंशांच्या वर. कोणी कशाला हात न लावता फाळ उचलला जाऊ लागला! त्यातच वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 20 किलोमीटरचा वारा 60 झाला की ओढ नऊपट होते आणि झटके पचवणारा साखळीचा झोल नाहीसा होतो.

बोटीवर राहणाऱ्याने हे झोपण्यापूर्वी तपासायचे असते. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा. बोट झुलते तेव्हा रेषा मोडते, पण पुन्हा जुळतेही. जुळली नाही आणि साखळीला हात लावल्यावर खरवडल्यासारखी थरथर जाणवली, तर नांगर घसरतो आहे. मागे जागा असेल तर आधी साखळी वाढवा, इंजिन हळू पुढे चालवून ताण कमी करा. तरीही थांबेना, तर नांगर उचलून दुसरीकडे टाका. खडकात अडकून निघतच नसेल, तर साखळीला तरंगता डबा बांधून ती सोडून द्या; नांगर नंतर काढता येतो.

17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या हीरा तेलक्षेत्रात पी-305 या तराफ्याचे नांगर तुटले. त्यावर 261 माणसे राहत होती आणि तराफ्याला स्वतःचे इंजिन नव्हते. तो तेलाच्या फलाटावर आदळला, भोक पडले आणि संध्याकाळी बुडाला. 186 जण वाचले. त्याच वादळात ‘गाल कन्स्ट्रक्टर’ हा दुसरा तराफाही वाहत गेला, पण पालघरच्या किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात रुतला. त्यावरचे सर्व 137 जण वाचले. म्हणून नांगर टाकण्याची जागा निवडताना आणखी एक प्रश्न विचारा: हा सुटला, तर वारा आपल्याला कशावर नेऊन आपटेल?