बावधनबद्दल कोण लिहिणार?

बावधन बुद्रुक २०२१मध्ये पुणे महापालिकेत आलं. मग विकिपीडियावर त्याला मुळशीतलं गाव म्हणायचं की पुण्याचं उपनगर? (बगाड यात्रेचं बावधन वेगळं बरं का, ते वाईजवळचं!)

हे ठरवायला ग्रामसभा बसत नाही. मराठी विकिपीडिया २००३पासून चालतोय, बिनपगारी लिहिणाऱ्यांच्या जिवावर. लंडनमध्ये बसलेला मराठी माणूसही आपल्या गावाचा लेख बदलू शकतो. पटलं नाही, तर त्याच लेखाच्या 'चर्चा' पानावर वाद घालायचा.

भारी ना? पण एक गोची आहे. "अहो, मी इथेच वाढलोय" हा तिथे पुरावा धरत नाहीत. प्रकाशित संदर्भ लागतो. रामनदीला मिळणाऱ्या एखाद्या ओढ्याचं आजीला ठाऊक असलेलं नाव कुठे छापलंच नसेल, तर ते लेखात टिकत नाही. इंग्रजीत भरपूर छापलं जातं, त्यामुळे तिथे हा नियम फारसा टोचत नाही. आपल्या गावांना टोचतो.

फोटोंना मात्र ही अट नाही. स्वतः काढलेला फोटो जागेच्या नावासकट विकिमीडिया कॉमन्सवर टाका, तो जगातल्या कुठल्याही भाषेच्या लेखात वापरता येतो. फक्त, एकदा दिलेला खुला परवाना परत घेता येत नाही हं!